पथ्यावर पडलेला पाहुणा

नाशिक जिल्ह्याला मिरवायला दोन पिकं आहेत, द्राक्षं आणि कांदा. निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपात जातात आणि लासलगावला कांद्याचा भाव हलला की दिल्लीत घाम फुटतो. ही दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत. कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षाने मूत्रपिंडं बसतात. द्राक्षातलं नेमकं काय बाधतं, याचा पत्ता बरीच वर्षं लागत नव्हता. 2021 साली अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लावर बोट ठेवलं. हे आम्ल चिंचेतही भरपूर, म्हणजे आमटीही गेली. मिसळीचं नावच नको, आणि चिवड्यात तळलेला कांदा नसेल तर नाशिककर त्याला चिवडा म्हणत नाही. थोडक्यात, कुत्र्याने नाशिकला खुशाल राहावं, नाशिकचं खाऊ मात्र काही नये.

त्यात आमच्याकडे आला तो आधीच किडनीचा पेशंट.

आला तोही तात्पुरता. टाकून दिलेली जनावरं उचलून त्यांना घरं शोधून देणारी पोरं-पोरी हल्ली गावोगाव आहेत. त्यांच्यातली एक आमच्या जेलरोडच्या बिल्डिंगमध्ये राहते. (जेलरोड हा नाशिकरोडचा सभ्य भाग आहे, हे बाहेरगावच्या नातेवाइकांना दर वेळी सांगावं लागतं.) "काकू, फक्त पंधरा दिवस. घर मिळालं की नेते," असं म्हणून तिने एका हाताने कुत्रा आणि दुसऱ्या हाताने औषधांची पिशवी माझ्याकडे दिली. दोन्हींत जड कोण, हे सांगणं अवघड होतं.

कुत्रा म्हणजे पांढरा स्पिट्झ, आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात तो. 1994 साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने क्रिकेटच्या सामन्यात अंपायरगिरी केली आणि मध्यमवर्गीय घरांत या जातीला भाव आला. आमच्याकडच्याचा भाव उतरून गेला होता. पाठीवरचे केस विरळ, एका डोळ्यात मोतीबिंदू. वय दातांवरून दहा-अकरा; म्हणजे जे काही दात उरले होते त्यांवरून. गळ्यात पट्टा तसाच ठेवून कुणीतरी त्याला दत्त मंदिर सिग्नलपाशी सोडून गेलं होतं. जागा विचार करून निवडली असावी. दत्ताच्या पायाशी चार असतातच, पाचवा खपून जाईल.

पाळलेलं जनावर असं टाकून देणं आपल्या देशात गुन्हा आहे. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि पहिल्या गुन्ह्याला दंडही लिहिलाय: कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. तेवढ्यात आज नाशिकमध्ये मिसळीची प्लेट येत नाही. जादा पाव आणि रस्सा फार तर. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलायचे आदेश दिले आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत ते बदललेही, तेव्हा घरोघर वादाच्या फैरी झडल्या. आमच्या बिल्डिंगमध्येही झडल्या. पट्टा घालून पाळलेली जी रस्त्यावर येतात त्यांच्याबद्दल त्या वादात कुणी चकार शब्द काढला नाही.

पहिल्या सकाळी पाच वाजता गॅलरीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग लांबलचक खोकला, शेवटी एक 'खर्रर्र'. हे अंथरुणातूनच म्हणाले, "आप्पा उठले वाटतं." नाव पडलं ते तेच. फाइलवर 'स्नोई' लिहिलेलं होतं, पण त्या खोकल्याला स्नोई म्हणवेना.

खोकल्याचं कारण डॉक्टरबाईंनी फोटो काढून दाखवलं. लहान चणीच्या कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाची झडप झिजते, नीट मिटत नाही. रक्त उलटं फिरतं, हृदय फुगतं आणि शेजारच्या श्वासनलिकेवर दाब देतं. मग छातीत पाणी साठू नये म्हणून लघवीची गोळी द्यायची. आता अडचण अशी की किडनीला पाणी हवं. पाणी काढलं की हृदय खूश आणि क्रिएटिनिन वर. पाणी ठेवलं की किडनी खूश आणि रात्रभर खोकला. हा तंटा नाशिककराला समजावून सांगावा लागत नाही. जायकवाडी 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर गंगापूर-दारणेतून पाणी सोडायचं, असं ठरलेलं आहे. 2005 चा कायदा आहे, समिती आहे, सूत्र आहे, आणि तरी दर टंचाईच्या वर्षी इथे मोर्चा निघतो आणि तिकडे पैठणच्या बाजूलाही निघतो. आप्पांच्या साडेसात किलोंत हाच वाद दिवसातून दोनदा उभा राहतो. निवाडा करतात डॉक्टरबाई, आणि तोही अर्ध्या गोळीच्या फरकाने.

गोळ्यांचं खातं ह्यांच्याकडे. आयुष्य नोट प्रेसमध्ये गेलेलं. तिथे एक कागद कमी भरला तर सगळं जिथल्या तिथे थांबतं, असं लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं म्हणून माणूस नुसता चिडचिडत होता. आप्पा आल्यावर ह्यांनी पट्टी घेऊन तक्ता आखला. हृदयाची गोळी जेवणाआधी तासभर. लघवीची सकाळ-संध्याकाळ. डोळ्यांत थेंब. किडनीचं पातळ औषध जेवणात मिसळून. प्रत्येक घराला सही, आणि ती सही मी केली तर खाली 'तपासले' म्हणून ह्यांची.

आप्पांना गोळी देणं ही काही साधी गोष्ट नाही. मी उकडलेल्या रताळ्याचा बोराएवढा गोळा करते, आत गोळी दाबते आणि तोंडावर काहीच नसल्याचा भाव आणते. आप्पा गोळा घेतात. एका गालातून दुसऱ्या गालात फिरवतात. नजर समोर टीव्हीवर. रताळं गिळलं जातं, गळ्याची हालचाल आम्हाला व्यवस्थित दिसते, आणि आम्ही तक्त्याकडे वळतो. मग जिभेच्या टोकावरून एक स्वच्छ, कोरडी, अखंड गोळी फरशीवर उतरते. टाकली जात नाही, ठेवली जाते. एकदा रात्री दहा वाजता ह्यांच्या मोजणीत एक गोळी जास्त भरली. कमी भरली असती तर समजण्यासारखं होतं. सोफा ओढला, गाद्या उलटल्या, तर भिंतीच्या कडेला चार सापडल्या. प्रेसमध्ये असं कधी घडलं नसतं, एवढंच हे बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून बोट घालून गोळी जिभेच्या मुळाशी सोडायला शिकले. दात कमी असल्याचा तेवढा फायदा.

नामदेवांच्या गोष्टीतलं कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला आता वेगळीच ऐकू येते. त्या कुत्र्याची रक्ततपासणी झालेली नव्हती. आमच्याकडे उलट चित्र आहे: येणारेजाणारे प्रेमाने वाटी पुढे करतात आणि मी मागे धावते. "एक पेढा काय करतो गं?" म्हणणाऱ्या शेजारीणबाई फेब्रुवारीत द्राक्षांची पेटी घेऊन आल्या, तेव्हा मी पेटी दारातूनच परत दिली. नाशिकमध्ये द्राक्षं परत करणं म्हणजे संबंध तोडणं. आठवडाभर बोलल्या नाहीत.

पंधरा दिवस संपले. घर शोधणं चालू होतं. आप्पांना आणून देणाऱ्या त्या मुलीने फोटो चांगला काढला होता, डावीकडून, मोतीबिंदू दिसणार नाही असा. फोन आले. पहिला प्रश्न जातीचा, दुसरा वयाचा, तिसरा प्रश्न बहुधा यायचा नाही. इंदिरानगरहून एक जोडपं मात्र प्रत्यक्ष बघायला आलं. मी पोहे केले, सवयीने कांदे घालून, आणि आप्पांना बेडरूममध्ये कोंडलं. मग केस विंचरून बाहेर आणलं. ते नीट बसले, खोकले नाहीत. बाईंच्या मांडीवर हनुवटीसुद्धा ठेवली. हे कौतुकाने आत गेले आणि तक्ता घेऊन आले. तो तक्ता वाचता वाचता त्या दोघांचे चेहरे उतरत गेले ते मी पाहत होते. पोहे छान झालेत म्हणाले, घरी विचारून कळवतो म्हणाले. घरी ते दोघंच राहत होते.

राग आला नाही. माझ्या मुलीच्या वयाचे होते; नोकऱ्या, हप्ते, भाड्याचं घर. दर बारा तासांनी ठरल्या वेळी कुणीतरी घरात असणं ही श्रीमंती आमच्या वयालाच परवडते. नंतर कधीतरी ती मुलगी "काकू, अजून पंधरा दिवस?" एवढंच विचारू लागली, आणि पुढे तेही विचारायचं थांबली.

बरा कधी होणार, असं लोक विचारतात. तो होणार नाही. हे वाक्य पहिल्यांदा बोलताना मला जड गेलं, आता 'दूध संपलंय' इतक्या सहज येतं. 2008 साली छापलेला एक अभ्यास मी मोबाईलवर वाचला. झडपेच्या आजाराने हृदय थकलेली 260 कुत्री घेतली होती. आप्पांना चालू आहे ते पिमोबेंडान ज्यांना दिलं त्यांचा मधला आकडा 267 दिवस आला, जुन्या औषधावरच्यांचा 140. मी मोबाईल पालथा ठेवला. तो अभ्यास आप्पांना कुणी वाचून दाखवलेला नाही, आणि ह्यांनाही मी दाखवलेला नाही; लगेच तक्त्यात एक घर वाढलं असतं.

त्याऐवजी रोज रात्रीचा एक आकडा आहे. कुत्रा गाढ झोपला की मिनिटाला श्वास मोजायचे, तिसाच्या खाली असले पाहिजेत; वर जाऊ लागले तर छातीत पाणी साठतंय, फोन करायचा. हे मनगटावर जुनं एचएमटी बांधून जमिनीवर बसतात. मी कडेला. बरगड्या वर जातात, खाली येतात.

"बावीस," मी म्हणते.

"चोवीस. तू उशिरा सुरू केलंस."

"अहो, मधे त्याने पाय झाडला, तो तुम्ही धरलात."

बावीस की चोवीस यावर दहा मिनिटं वाद होतो. दोन्ही आकडे उत्तम आहेत हे दोघांना माहीत असतं, म्हणूनच वाद मजेत होतो. नुसतं बसून कुणाचा तरी श्वास बघायचा, याला एरवी घरात निमित्त लागतं. मुलगी लहान असताना तापात बसलो होतो तसे. तेव्हा सारखं घड्याळाकडे लक्ष, कधी उतरेल, कधी शाळेत जाईल. आता कसलीच घाई नाही. उद्या आजच्यापेक्षा बरं असावं अशी अपेक्षाच नाही. आजच्याइतकं असलं की सणासारखं वाटतं.

बाकी घराचं म्हणाल तर हे कुत्र्याचं पथ्य आमच्याच पथ्यावर पडलं. बिनमिठाचा भात, दुधी आणि अंड्याचं पांढरं रोज शिजतं. दोन चुली कोण मांडणार म्हणून आमच्याही भाजीतलं मीठ हळूहळू उतरलं. बीपीची गोळी विसरल्याबद्दल वर्षानुवर्षं बोलणी खाणारा माणूस आता आप्पांच्या वेळेला स्वतःचीही घेतो. पहाटे तीनला लघवीची गोळी काम करते, तेव्हा दोघे मिळून खाली जातात. ह्यांचंही प्रोस्टेटचं वय आहे, दोघांची सोय होते. वॉचमन उठून सलाम करतो. कोणाला, ते त्यालाच माहीत.

लघवीच्या गोळ्या मात्र माणसांच्याच दुकानातून आणाव्या लागतात. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मुलगा मोठा अदबशीर. मोबाईलवरच्या चिठ्ठीत गोळीचं नाव तेवढं बघतो, वहीत 'आप्पा' लिहितो आणि दर वेळी चौकशी करतो. "आप्पांच्या पायांवर सूज आहे का हो काकू? रात्री उठतात? हात धरून न्यावं लागतं का?" मीही खरी उत्तरं देत आले. सूज नाही, रात्री उठतात, जिन्यावर उचलून घ्यावं लागतं. "काकांना या वयात उचलायला जमतं?" त्याने डोळे मोठे केले होते. जमतं म्हटलं.

गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी डोस पुन्हा बदलला, अर्धीची पाव केली. मुलगा चिठ्ठी बघून थांबला.

"पाव? इतका कमी डोस कसा? आप्पांचं वजन किती आहे काकू?"

"साडेसात."

"किलो?"

मग मी बाहेर स्कूटरकडे बोट दाखवलं. पुढच्या फळीवर ह्यांच्या दोन पायांमध्ये आप्पा बसले होते, तोंड उघडं, जीभ एका बाजूला, सिग्नलकडे बघत. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मागची पानं उलटली. मला वाटलं आता हा चिडणार. तो काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "आधी नाही का सांगायचं काकू? आमच्याकडे मांजर आहे. शुगर निघाली. दिवसातून दोनदा इन्सुलिन, आणि टोचायला घेतलं की फ्रिजच्या मागे जाऊन बसते. तुम्ही लोक धरता कसं?"

माझ्यामागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी रताळ्यापासून सुरुवात केली.