उंट आमच्या इलाख्याचे

परदेशात कुठेही गेलं तरी तिथे आपलं काहीतरी निघालंच पाहिजे, असा माझा बाणा आहे. निघालं नाही तर मी ते काढतो. सिडनीपासून पावणेआठशे किलोमीटर आत, डार्लिंग नदीकाठच्या बर्क गावी जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांनी टोप्या, पाणी आणि तोंडावर ओढायच्या माश्यांच्या जाळ्या घेतल्या. मी मुंबई इलाखा घेतला.

निंगन सोडलं की बर्कपर्यंत दोनशे किलोमीटर रस्ता जवळजवळ वळतच नाही. लाल माती, खुरटी झाडं, मधूनच रानटी बकऱ्यांचा कळप, आणि आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करणारा एखादा एमू. अशा रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागते, म्हणून ड्रायव्हरला, म्हणजे बायकोला, जागं ठेवायची जबाबदारी मी अंगावर घेतली.

"ऑस्ट्रेलियात उंट कुठून आले, माहितीये?"

"सांग," ती म्हणाली. तिच्या आवाजातल्या शरणागतीला मी उत्सुकता समजून चालतो.

१८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट मेलबर्नला उतरले. (हा बर्क वेगळा. गावाला नाव आहे ते गव्हर्नर बर्कचं. पण त्याच्यापाशी थांबलो तर उंट बंदरावरच राहतील.) जहाज निघालं कुठून? कराचीहून. १८६६ मध्ये थॉमस एल्डरने शंभरावर उंट मागवले. कुठून? कराचीहून. आणि कराची तेव्हा कुठे होती? इथे मी मागे वळून पाहिलं. लेकीच्या कानांत इयरफोन होते, माझे वडील, अप्पा, खिडकीबाहेर बघत होते.

"मुंबई इलाख्यात! १८४७ पासून पार १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. म्हणजे इथे वाळवंटातून लोकर, पीठ आणि तारायंत्राचं सामान वाहणारा उंट हा कागदोपत्री आपल्या नगर-साताऱ्याच्या बैलाचा इलाखाबंधू!"

उंटांबरोबर आलेल्या माणसांना गोऱ्यांनी सरसकट 'अफगाण' ठरवलं. त्यांत खरे अफगाण होते, तसेच बलुच, सिंधी, पंजाबी आणि पेशावरीही होते. पुढे मोटारलॉऱ्या आल्या, उंटांचं काम गेलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तर १९२५ मध्ये मोकाट उंट मारायचा कायदाच केला. पण कित्येक मालकांनी आपले उंट रानात सोडून दिले आणि त्यांची पिलावळ आजही मध्य ऑस्ट्रेलियात बिनधास्त हिंडते. अनिवासी भारतीयांची इतकी भरभराटलेली शाखा दुसरी माझ्या पाहण्यात नाही. हे वाक्य मी निंगन ते बर्क निरनिराळ्या प्रकारे म्हणून पाहिलं.

"बर्क आलं," बायको म्हणाली. इतक्या आनंदाने तिने कुठल्याच गावाचं नाव घेतलेलं मला आठवत नाही.

नदी खोल खाली होती, टपरीवरच्या चहाच्या रंगाची. काठावरचा लाकडी धक्का मजल्यामजल्यांचा, कारण डार्लिंग कधी किती वर येईल आणि कधी किती खाली जाईल, याचा भरवसा नाही. इथूनच चाकांच्या आगबोटी लोकरीचे गठ्ठे घेऊन मरे नदीकडे जायच्या. पाणी आटलं की महिनोन्महिने चिखलात रुतून बसायच्या.

"आणि अशा वेळी उंट..."

"पुरी खा," बायको म्हणाली.

तिखटमिठाची पुरी खाणंही इथे सोपं नाही. बर्कची माशी हाकलून जात नाही. तिला आपल्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी हवं असतं. हात हलवला की ती शांतपणे दुसऱ्या डोळ्यावर जाते.

मग कब्रस्तानात गेलो. डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज यांना १९९३ मध्ये त्यांच्याच इच्छेनुसार इथे पुरलं. आडगावांतल्या आदिवासींचे डोळे त्यांनी तपासले, आणि मोतीबिंदूवरची भिंगं नेपाळ, एरिट्रियात स्वस्तात बनावीत म्हणून धडपडले. दोन्ही डोळ्यांत भिंगं बसवलेल्या अप्पांनी तिथे हात जोडले.

त्याच कब्रस्तानात पन्हळी पत्र्याची एक मशीद आहे, एका खोलीएवढी. शेजारी उंटवाल्यांच्या कबरी. मी घसा खाकरला. "हे बघा, आपल्या इलाख्यातली..."

"यांची बायकामुलं?" अप्पांनी विचारलं.

बहुतेक जण एकटेच आले होते. १९०१ च्या कायद्याने श्रुतलेखनाची परीक्षा आणली आणि गोरे नसलेल्यांना दार बंद झालं. आधीपासून राहणाऱ्याला गावी जाऊन परत यायचं, तरी त्या परीक्षेतून सूट मिळाल्याचा दाखला लागे. त्यावर फोटो आणि हाताचा ठसा. हे मला पाठ होतं, पण सांगताना माझा आवाज इलाख्याचा राहिला नाही. आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या अप्पांनाही परतीची तारीख आहे. आईवडिलांना इथे कायमचं आणायचं तर परवडणारी रांग तीसएक वर्षांची, आणि अप्पांनी यंदा ऐंशी पूर्ण केली. आता कोणी हाताचा ठसा उमटवलेला दाखला देत नाही. फार अदबीने लिहिलेली ईमेल येते, एवढाच फरक. ती वाचली की मला दोन दिवस कोणाशी बोलवत नाही.

अप्पांनी मशिदीच्या पत्र्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "तापलाय," म्हणाले.

गाडी परत सरळ रस्त्याला लागल्यावर अप्पा मागून म्हणाले, "ते इलाख्याचं पुन्हा सांग बरं." मी सांगितलं. एल्डरसकट, सालांसकट. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"पण आपण परभणीचे. माझा जन्म निजामाच्या राज्यातला. आपण मुंबई इलाख्यात होतो कधी?"

लेकीने इयरफोन काढले. बायकोला इतकं हसू आलं की तिने गाडी कडेला घेतली. मला ड्रायव्हरला जागं ठेवायचं होतंच, ते काम झालं.

"निजामाकडेही उंट असतीलच की," मी म्हणालो.

"शोधून ठेव," अप्पा म्हणाले. "पुढच्या खेपेला आलो की सांग."