स्वतंत्र संस्थानाचा जमाखर्च

ज्या चंद्रपूरच्या वेशीवर २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र कोळसा जाळीत उभे आहे आणि जेथे वैशाखातला पारा पंचेचाळिशी लीलया ओलांडतो, त्याच नगरीतील एका निवृत्त कोषागार अधिकाऱ्याने विजेच्या सरकारी तारेशी असलेला पिढीजात संबंध तोडून आपल्या शयनगृहाचे स्वतंत्र संस्थान स्थापावे व तेथे दीड टनाचा एसी रात्रभर चालवावा, हा संकल्प ऐकून आम्हांस वाटलेले कौतुक हिशेबाचा कागद पाहेपर्यंतच टिकले.

घरी दोन पंखे व चार दिवे इमानाने सांभाळणारा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर होताच. त्यासच बढती द्यावी, असा मूळ प्रस्ताव होता. परंतु एसीची भूक पूर्ण भारावर दीड किलोवॅटपर्यंत जाते, आणि कॉम्प्रेसर जुन्या धाटणीचा असल्यास सुरू होतानाच नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागतो, हे कळताच प्रस्ताव दप्तरदाखल होऊन ५ केव्हीएच्या, ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरची नेमणूक झाली.

खरा पेच बॅटऱ्यांचा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. तथापि शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज नित्य उपसली तर ती अकाली निवर्तते, सबब निम्मी ठेव कायमची गोठलेली. ज्या गृहस्थांनी हयातभर इतरांची बिले त्रुटी काढून परत पाठवली, त्यांना स्वतःच्याच खजिन्यातील अर्धी रक्कम काढण्यास मनाई असावी, हा दैवाचा न्याय आम्हांस मनोमन पटला. तासाला सरासरी एक युनिट धरता आठ तासांचे आठ, त्यावर इन्व्हर्टरची दस्तुरी मिळून नऊ. म्हणजे बॅटऱ्या दहा, आणि ४८ व्होल्टसाठी चार-चारच्याच रांगा लागत असल्याने बारा, वजन सहाशे किलोंच्या वर! लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व अधिक उदार असतात खऱ्या, परंतु त्यांची किंमत ऐकून पेन्शनरास घाम फुटतो, आणि तो पुसायला एसी अजून लागलेला नसतो.

रोज रिता होणारा हा खजिना भरण्यास, वाटेतली गळती धरून, अकराएक युनिटे हवीत. एक किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला सुमारे चार युनिटे देते. तेव्हा तीन किलोवॅट, आणि गच्चीचे तीनशे चौरस फूट. मात्र त्या जागेवर कुरडया-पापडांच्या वाळवणाची वहिवाट पूर्वापार असल्याने गृहस्वामिनींनी तत्काळ हरकत नोंदवली, आणि वाळ्याचा कूलर दोनशे वॅटमध्ये रात्र काढतो, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो निववतोही, हे जोडपत्रही सादर केले. ते वाचले गेल्याचे चिन्ह नाही.

चार्जिंगच्या वेळी या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात, त्यामुळे खिडक्या बंद ठेवलेल्या शयनगृहात त्यांना मज्जाव. म्हणून त्यांची रवानगी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत करण्याचे ठरले. पण पंचवीस अंशांपुढे दर दहा अंशांनी त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असे तंत्रज्ञाने सांगितल्यामुळे तूर्त त्या खोलीसाठी पाऊण टनाचा निराळा एसी मंजूर झाला आहे, आणि तो चालवण्यास किती बॅटऱ्या लागतील याचा ताळेबंद गृहस्थ मांडीत आहेत.