मरणोत्तर मताधिक्य

१४ ऑगस्ट २०१२ रोजी विलासराव देशमुख चेन्नईत गेले आणि दुसऱ्या दिवशी, ऐन स्वातंत्र्यदिनी, बाभळगावात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. अख्खे लातूर तिकडे लोटले. अश्रू खरे होते, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की १९९५च्या विधानसभेला याच लातूरने याच साहेबांना पाडून जनता दलाच्या शिवाजीराव कव्हेकरांना निवडून दिले, ती मते टाकली कोणी? आज गंजगोलाईत कुणालाही विचारा, ‘आपण तर साहेबांचेच माणूस!’ कव्हेकर बहुधा एकट्या स्वतःच्या मतावर निवडून आले असावेत.

नांदेडही मागे नाही. शंकरराव चव्हाणांना हयातीत ‘हेडमास्तर’ म्हणत चार हात लांब राहणारे, २००४ मध्ये ते गेल्यावर त्यांच्याच शिस्तीचे गोडवे गाऊ लागले. छडीची भीती संपली, की मास्तर सगळ्यांनाच आवडतो.

मग उगवतात चौकातले फलक. दिवंगत नेता वरच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढा. खाली शोकाकुल कार्यकर्ते पूर्णाकृती, गॉगलसह. शोक साहेबांचा की उमेदवारी इच्छुकाची, हे पालिका निवडणुकीची तारीख पाहून ठरवावे.

तेव्हा मतदारराजा, नेता आवडत असेल तर तो असतानाच मत दे, पटत नसेल तर तो असतानाच तोंडावर बोल. श्रद्धांजलीची मते कुठल्याच पेटीत मोजली जात नाहीत.