तिकडे म्हणे मुलगीच हवी!

ऐकलंत का? जर्मन लोक बिघडले. हो हो, तेच जर्मन! रिकाम्या बाटल्या टाकतानासुद्धा पांढरी काच एका डब्यात, हिरवी दुसऱ्यात आणि तपकिरी तिसऱ्यात असं सोवळं पाळणारे. रविवारी कुणी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारधर्म गुंडाळून तक्रार करणारे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला मुकाट उभे राहणारे. त्यांनी म्हणे गांजा लावलाय. शेतात नव्हे, घरात! कुणी बाल्कनीत, कुणी माळ्यावर, कुणी चक्क कपाटातले कोट बाहेर काढून त्या जागी. बरं, चोरून लावला असता तर आपण एकवेळ समजून घेतलं असतं. माणूस आहे, चालायचंच. पण हे सगळं कायद्यानं, कलमा-पोटकलमांसकट! शिव शिव शिव. (अर्थात या प्रकरणात शिवाचं नाव घ्यावं का, हाही प्रश्नच.)

23 फेब्रुवारी 2024 ला त्यांच्या संसदेत मतदान झालं. बाजूनं 407, विरोधात 226. कायदा लागू झाला 1 एप्रिलला. तारीख बघा! त्यात तो ईस्टरचा सोमवार, म्हणजे सगळ्यांना सुट्टी. ज्या ब्रँडेनबुर्ग दरवाजातून 1806 साली नेपोलियन मिरवत बर्लिनमध्ये शिरला, त्याच दरवाजापाशी रात्री बाराच्या ठोक्याला गर्दी जमली आणि धुराचे लोट उठले. तेव्हाचे आरोग्यमंत्री कार्ल लाउटरबाख स्वतः डॉक्टर. हे गृहस्थ कित्येक वर्षं या प्रकाराच्या विरोधात होते. मग त्यांचं मत पालटलं आणि कायदा त्यांच्याच हातून झाला. तरुण पोरांनी त्याआधी मंत्र्यांना भंडावून सोडलं होतं. विषय कराचा असो की अर्थसंकल्पाचा, समाजमाध्यमांवर पोरांचा प्रश्न एकच: 'बुबात्झ कधी कायदेशीर होणार?' बुबात्झ म्हणजे तेच ते. देशाच्या अर्थमंत्र्यालाही हाच प्रश्न! आपल्याकडे अर्थमंत्र्याला इन्कम टॅक्सची सूट विचारतात. संस्कार, दुसरं काय.

आता नियम ऐका. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक माणसाला तीन रोपं. जोडपं असेल तर सहा. सुकवलेला माल घरात 50 ग्रॅम, खिशात 25. शाळा, पाळणाघर, खेळाचं मैदान नजरेत असेल तर 100 मीटरच्या आत ओढायचा नाही. जिथे नुसती पायी चालणाऱ्यांची वर्दळ असते, त्या बाजाररस्त्यांवर सकाळी सात ते रात्री आठ बंदी. आठ वाजून एक मिनिटानं? खुशाल. मग कुणीतरी उत्साही माणसानं शहरांचा नकाशाच करून टाकला, कुठे चालतं आणि कुठे नाही हे रंगवून. आता मला सांगा, झुरका मारायला निघालेला माणूस आधी नकाशा बघतो, मग घड्याळ बघतो, मग खिशातला ऐवज वजनकाट्यावर ठेवून बघतो. एवढी शुद्ध शाबूत ठेवायची तर ओढायचा कशाला?

आणि कळस ऐका. जर्मनांच्या त्या प्रसिद्ध भाड्याच्या बागा असतात ना, शहराबाहेर छोटे छोटे तुकडे, त्यात एक खोपटं, चार वाफे आणि कुंपणाच्या उंचीपर्यंतचे नियम? तिथे हे रोप लावायचं नाही! का? तर कायदा म्हणतो राहत्या जागीच लावा, आणि त्या बागेत राहायला मुळात परवानगी नाही. म्हणजे खास झाडं लावण्यासाठी राखून ठेवलेल्या जागेत हे झाड बेकायदा आणि न्हाणीघरात कायदेशीर. ज्यानं हे लिहिलं त्यानं आधी ओढलेला होता की नंतर ओढला, एवढंच विचारायचं राहतं.

बियांचं प्रकरण तर विचारूच नका. (विचारा हो, सांगतो.) घरच्या लागवडीसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातून बी मागवायला मुभा आहे. त्यामुळे हॉलंडहून टपालानं पाकिटं येतात. काय त्या पाकिटांचा थाट! एकेका बियाण्याला आई-बाप, आजा-पणजा, घराणं, सगळं छापलेलं. नॉर्दर्न लाइट्स. हिंदू कुश. बुब्बा कुश. ग्रँडडॅडी पर्पल. एकानं तर गोरिला ग्लू असं नाव ठेवलं होतं; मग 2017 मध्ये अमेरिकेतल्या खऱ्या डिंकवाल्या कंपनीनं कोर्टात खेचलं आणि वाण नुसता 'जीजी' उरला. आणि पाकिटावर ठळक अक्षरांत: इंडिका ऐंशी टक्के, इंडिका नव्वद टक्के. म्हणजे झोपवणारा, सोफ्याला खिळवणारा, दणकट माल.

इंडिका वाचून आपली छाती उगाच फुगते. फुगवू नका. 1785 साली लामार्क या फ्रेंच पंडितानं भारतातून आलेले वाळलेले नमुने पाहून हे नाव ठेवलं, आणि ती झाडं होती निमुळत्या पानांची. आज पाकिटावर इंडिका म्हणून मिरवणारं बुटकं, रुंद पानांचं झाड अफगाणिस्तान आणि हिंदुकुशाच्या बाजूचं. 1970 च्या आसपास तिकडे भटकायला गेलेल्या हिप्पींनी झोळीतून बी नेलं, कॅलिफोर्निया आणि हॉलंडमध्ये त्याचे संकर झाले, आणि 1980 नंतर नेव्हिल शोनमेकर्स नावाच्या महाभागानं हॉलंडमध्ये बसून अमेरिकेला टपालानं बी विकायला सुरुवात केली. गडी इतका कमावता झाला की त्याच्या हवेलीला लोक 'कॅनाबिस कॅसल' म्हणू लागले. 1990 मध्ये अमेरिकेच्या सांगण्यावरून त्याला ऑस्ट्रेलियात अटक झाली. त्याच्या वाणांची पणतवंडं आज जर्मनीतल्या हिशेबनिसाच्या कपाटात रांगताहेत. काय हा प्रवास! हिप्पी मुक्तीच्या शोधात गेले आणि शेवटी बी पोचलं कुणाकडे, तर ज्याच्या फडताळात गेल्या दहा वर्षांच्या विजेच्या बिलांची फाइल आहे त्याच्याकडे.

आणि मग सुरू होतं बाळंतपण. ओल्या टिपकागदात बी ठेवलं, मोड आला की घरभर आनंद. फोटो काढले जातात. नावं ठेवली जातात, हो, नावं! दिव्याला टायमर, पंखा वेगळा, हवेतल्या दमटपणाचं यंत्र वेगळं, पाण्याची आम्लता मोजायला आणखी एक. वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी, कारण शेजाऱ्याचं नाक वाकडं झालं तर तो काय करेल ते वर सांगितलंच. रोज रात्री वहीत नोंद: आज किती सेंटिमीटर, कितवं पान, पान पिवळं का पडलं? पोटच्या पोराचं पान पिवळं पडलं असतं तर एवढी धावाधाव झाली असती का? सुट्टीवर जायचं तर रोपांकडे कोण बघणार, या प्रश्नावरून सहली रद्द होतात. सासूबाईंकडे कोण बघणार यावरून कधी झाल्याचं ऐकलंत?

त्यात सगळ्यात मजेची गोष्ट सांगू? सगळ्यांना मुलगीच हवी! नशा असते मादी झाडाच्या फुलोऱ्यात. नर निघाला आणि त्याचे पराग उडाले, की फुलोऱ्यात बियाच बिया भरतात आणि माल वाया. म्हणून नर ओळखू आला रे आला की उपटून फेकायचा. आता तर मुलगीच होईल अशी हमी दिलेलं बियाणंच मिळतं, आणि ते जास्त दराचं असलं तरी त्याचाच खप. कुलदीपकाला कचऱ्याचा डबा दाखवणारी एवढी मोठी जमात जगात दुसरी नसेल. आपल्याकडच्या कित्येक आजीबाई हे ऐकून आधी चिडतील आणि मग विचारात पडतील.

अर्थात त्यांना वाटतं हे आपणच शोधलं. वेडे! इंग्रज सरकारनं 1893-94 मध्ये भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला, हजारावर साक्षीदार तपासले आणि जाडजूड खंड छापले. त्यात बंगालमधल्या नौगावचे 'पोद्दार' भेटतात. हे गांजाचे वैद्य. शेतात फिरून नर झाडं ओळखायची आणि उपटून काढायची, हीच त्यांची विद्या आणि त्याचेच पैसे. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या आपल्या नगर जिल्ह्यातली लागवडही त्या कागदांत आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी बंगालचा एक माणूस नुसत्या नजरेनं जे करत होता, त्यासाठी आता म्युनिकचा इंजिनिअर भिंग घेऊन बसतो.

पण खरी गंमत पीक हाती आल्यावर. तीन झाडं जोमानं वाढली तर 50 ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. मग वरचं काय करायचं? नष्ट करायचं! महिनोन् महिने पंखा घालून, नाव ठेवून, फोटो काढून वाढवलेलं धन स्वतःच्या हातानं मोजून नष्ट करायचं. कुणाला द्यावं म्हणाल तर तेही नाही. घरचा माल फक्त स्वतःसाठी. फुकट वाटणंसुद्धा गुन्हा. म्हणजे शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आपला साधा नियम तिथे तुरुंगाच्या दाराशी नेतो! असलं पीक काय कामाचं? पण नाही, लोक लावताहेत. ज्यांनी आयुष्यात सिगारेट शिवली नाही तेही लावताहेत, ओढायचा नाही म्हणतात, 'नुसतं झाड छान दिसतं' म्हणतात. ऐकून घ्यायचं, हसायचं नाही.

ज्यांना घरी जमत नाही त्यांच्यासाठी मंडळं. जर्मन माणूस दोघे भेटले तरी मंडळ काढतो, मग इथे कसा सोडेल? 1 जुलै 2024 पासून लागवड मंडळांना परवानगी, आणि पहिला परवाना त्याच महिन्यात लोअर सॅक्सनीत दिला गेला. सभासद जास्तीत जास्त 500. माणशी महिन्याला 50 ग्रॅम. अठरा ते एकवीस वयाच्या पोरांना 30 आणि तोही दहा टक्क्यांच्या आतल्या टीएचसीचा (टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक). शाळेपासून 200 मीटर दूर, कुंपण, जाहिरात बंद. आणि मंडळाच्या आवारात ओढायला बंदी! पाचशे माणसं गांजासाठी एकत्र येतात, सभा घेतात, इतिवृत्त लिहितात, खजिनदार निवडतात, आणि गांजा न ओढता घरी जातात. आपली सोसायटीची वार्षिक सभा याहून जास्त नशेत होते.

बव्हेरियाचं काय विचारता. तिथले मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर पहिल्यापासून या कायद्यावर खवळलेले. त्यांच्या राज्यानं आधी दंडाचं दरपत्रक काढलं, मग ऑक्टोबरफेस्टसारख्या जत्रांत आणि बीअरच्या बागांत गांजाला बंदी घातली. का? तर सगळ्या कुटुंबाची जागा, मुलंबाळं असतात, वातावरण बिघडतं. आणि ही सात्त्विक भूमिका घेताना समोर काय? लिटर-लिटरचे बीअरचे मग रिचवून बाकांवर चढून नाचणारा जनसमुदाय. सोवळ्यात पण किती प्रकार असतात बघा!

बरं, ज्या दणकट इंडिकासाठी हा सगळा खटाटोप, ती तरी खरी आहे का? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2015 आणि पुन्हा 2021 मध्ये वाणांचे जनुक तपासले. निघालं काय? पाकिटावरच्या इंडिका आणि तिची बहीण सॅटिव्हा या नावांचा जनुकांशी जेमतेम संबंध. फरक पडतो तो वासाच्या काही मोजक्या घटकांत. आणि नशेच्या टक्क्यांचं? 2023 मध्ये कोलोरॅडोच्या दुकानांतला माल प्रयोगशाळेत नेला, तर बहुतेक नमुन्यांत टीएचसी लेबलवरच्या आकड्याहून कमी. म्हणजे घराणं बनावट आणि पगारही फुगवलेला. तरी एक सांगून ठेवतो, आजचा माल आजोबांच्या काळच्या चिलमीतला नाही. तेव्हा टीएचसी चार-दोन टक्के असायचा, आता वीसच्या वर सहज जातो. कोवळ्या वयात रोज एवढा जोरकस ओढला तर भ्रमिष्ट होण्याचा धोका वाढतो, हे काही सोवळ्या मंडळींनी उठवलेलं पिल्लू नाही. जर्मनांनी पोरांसाठी दहा टक्क्यांची रेघ उगाच ओढलेली नाही.

आणि आपण? आपण हे सगळं नाकावर रुमाल धरून ऐकतोय, नाही का? मग नॉर्दर्न लाइट्स कुठला आणि बुब्बा कुश कुठला हे आपल्याला एवढं बिनचूक कसं कळायला लागलं? स्टुटगार्टच्या पुतण्याला 'काय रे, थंडी काय म्हणते' विचारता विचारता 'ते तुझ्या कॅमेऱ्यात मागे तुळशीसारखं काय दिसतंय' हे कोण विचारतं? 'शी शी, फोटो नको पाठवूस' म्हणून पुढच्या मिनिटाला 'एकच पाठव' कुणी लिहिलं? कुटुंबाच्या ग्रुपवर त्या फोटोला 'देवा रे!' म्हणून सगळ्यांत आधी कुणी उत्तर दिलं, आणि तोच फोटो तीन ग्रुपांवर पुढे कुणी ढकलला? रात्री दीड वाजता परक्या माणसाच्या झाडाची वाढ दाखवणारी चित्रफीत शेवटपर्यंत कोण बघतं, आणि पान पिवळं दिसलं की मनातल्या मनात 'पाणी जास्त झालं' असं निदान कोण करतं? महाशिवरात्रीला 'प्रसाद म्हणून' घेतलेला तो पेला, होळीच्या दिवशीची ती थंडाई, 'मला काही चढली नाही' असं अकरा वेळा सांगणारा तो मामा, हे सगळं कुणाच्या घरातलं? माझ्या नाही बुवा. तुमच्या?

फक्त पुतण्याला पाकिटातून बी पाठवायला सांगू नका. शिरपूरच्या बाजूला पोलीस शेतांत शिरून एकरांनी गांजा उपटतात, तुमची कुंडी काय चीज आहे. आपल्याकडे 1985 चा अमली पदार्थ कायदा लागू आहे, आणि परवान्याशिवाय गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाड एक असलं तरी आणि मुलगा निघाला तरी.