आमच्या गॅलरीतलं विश्व

दिवाळीच्या तोंडावर शहाण्या माणसानं प्लेटो वाचू नये. ‘टिमेयस’मध्ये त्यानं अग्नीला चतुष्फलक, पृथ्वीला घन, हवेला अष्टफलक आणि पाण्याला विंशतिफलक वाटून दिला आणि उरलेला द्वादशफलक अख्ख्या विश्वाच्या नावे केला. आकाशकंदिलाला याहून योग्य आकार कुठला? बाकीच्यांनी खुशाल चौकोन-त्रिकोणांचे कंदील लावावेत. आमच्या गॅलरीत यंदा विश्व लटकणार, असं मी जाहीर केलं.

“अहो, विश्व लावा नाहीतर ब्रह्मांड, पण करंज्या लाटायच्या आत टेबल रिकामं करा,” ही म्हणाली.

पंचकोन 12, कडा 30, कोपरे 20. सारख्या लांबीच्या कामट्या तासून दोऱ्यानं बांधता बांधता मी मुलीला ज्ञान पाजू लागलो. “असे सुसम आकार पाचच. युक्लिडनं तेराव्या खंडात सिद्ध केलंय. एका कोपऱ्यात तीन षटकोन आले की 360 अंश भरतात आणि सगळं फरशीसारखं सपाट होतं. पंचकोनांचे 324च भरतात, म्हणून ते उठून उभे राहतात.”

“बाबा, पण हे बसलंय.”

विश्व खरोखरच बसलं होतं. इकडून सावरावं तर तिकडून कलंडे. शेवटी शेजारचे तात्या आले. “अरे, त्रिकोण हलत नाही, पंचकोन हलतो. पुठ्ठ्याचे ताठ पंचकोन जोडले असतेस तर उभा राहिला असता.” ही गोष्ट कोशीनं 1813 मध्येच सिद्ध करून ठेवली होती, पण तात्यांना ती कोशीशिवाय ठाऊक होती. पोलिओच्या विषाणूला धड एक पेशीसुद्धा नसते. तरी तो विंशतिफलकाच्या घडणीचं कवच बिनबोभाट उभारतो. मी पदवीधर.

केप्लरची आठवण काढून मी मन रमवलं. हेच पाच आकार एकात एक बसवून त्यानं 1596 मध्ये सहा ग्रहांमधली अंतरं जुळवायला घेतली. ती नीट जुळली नाहीत, तरी पठ्ठ्यानं 1621 मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती काढली. माझ्या दुसऱ्या आवृत्तीला मात्र टेबल मिळेना.

तात्यांनी तोड काढली: प्रत्येक पंचकोनात दोन आडव्या काड्या घालून त्रिकोण पाडायचे. कामट्या संपल्या होत्या, म्हणून खराट्याचे हीर उपसले. त्यावर ही जे बोलली ते सणासुदीला छापण्याजोगं नाही.

पण विश्व ताठ झालं! पतंगाचा कागद, झिरमिळ्या, आत दिवा. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा मुलगा मान वर करून म्हणाला, “काका, दिवाळीला फुटबॉल का लावलाय?”

मी त्याला जिन्यातच गाठलं. काळ्या-पांढऱ्या फुटबॉलात 12 पंचकोनांच्या जोडीला 20 षटकोनही असतात, त्यामुळे तो सुसम नव्हेच, हे कागदावर काढून नीट समजावलं. हल्ली तो लिफ्टनंच ये-जा करतो.