काकूची बोलेरो

चांदवड तालुक्यात बोजा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचं नाव नसेल तर त्या खातेदाराकडे लोक जरा संशयानंच बघतात. एक तर हा फार श्रीमंत असणार, नाहीतर याला सोसायटीनंही दारात उभं केलेलं नसणार. पण एरवी तलाठ्याला बोजा कमी करण्याचे नियम शिकवणारा हाच माणूस गाडी घेतली की भाबडा होतो. शेवटचा हप्ता भरला, रेणुकामातेला नारळ वाढवला, मागच्या काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' चिकटवलं, की गाडी आपली झाली असं तो धरून चालतो. आरसीवर मात्र कर्ज देणाऱ्याचं नाव तसंच बसलेलं असतं. कर्ज फिटणं वेगळं आणि कर्ज उतरणं वेगळं. या दोन्हींच्या मधल्या काळात एखादी आख्खी पतसंस्था वारू शकते.

आमच्या काकांच्या बोलेरोचं नेमकं तेच झालं. २०१४ साली गाडी घेतली तेव्हा कर्ज एका पतसंस्थेचं होतं. नाव सांगत नाही, कारण तिचे ठेवीदार अजून हयात आहेत. हप्ते वेळेवर फिटले. पुढं पतसंस्था बुडाली, तिच्यावर अवसायक नेमला गेला, पण आरसीवर ती ठणठणीत जिवंत राहिली. काकांना त्याची फिकीर नव्हती. गाडी चालत होती, कांद्याच्या लिलावाला वेळेवर पोचत होती. कार्डावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला काकांचा चष्मा कुठं जागेवर असायचा?

विषय निघाला तो काकूमुळं. ती एके दिवशी म्हणाली, "गाडी माझ्या नावावर करा."

या वाक्याची मुळं जुनी आहेत. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. कुठून कुठून बाया आल्या होत्या. काकू तेव्हा नवी सून. सासूला सोबत म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. काकांचं म्हणणं असं, की ती परत आलीच नाही. तिचं लुगडं नेसून दुसरीच कुणीतरी आली. पुढं संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं स्वखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, आणि गावातल्या शंभर जणांनी केला की ते गाव लक्ष्मीमुक्त, खुद्द शरद जोशी तिथं येणार. काकांनीही स्वखुशीनं केला. तुकडा मात्र फार विचार करून निवडला. वरच्या अंगाचा, मुरमाड, बाजरीनंसुद्धा नको म्हटलेला. मुरमाड रान डाळिंबाला मानवतं, हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळं काकूचा हिशोब सरळ होता. "हप्ते माझ्या डाळिंबाचे, नाव तुमचं, बोजा पतसंस्थेचा. मंग माझं काय? मागचं सीट?"

काका म्हणाले, "घरातली गाडी. नावाला काय करायचं?"

घरात जरा शिकलेला म्हणून मला मध्ये पडावं लागलं. मी काकांना सांगितलं, की नावानं बरंच काही होतं. अपघात झाला तर भरपाईसाठी कोर्ट आधी आरसीवरचा मालक बघतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच एक प्रकरण होतं. गाडी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला अशी विकली गेली. आरसीवर नाव राहिलं पहिल्याचंच, आणि जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडली. आपल्याकडं तर शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टँपवर करार करायचा, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून कोरे द्यायचे आणि चहा पिऊन घरी यायचं, हीच गाडी विकण्याची रीत. ते कोरे फॉर्म नंतर कुणाच्या खणात पडतात हे देवाला आणि एजंटालाच ठाऊक. काका हे ऐकून थोडे घाबरले. जबाबदारी काकूच्या नावावर जाते म्हटल्यावर थोडे खूशही झाले.

मग ओसरीवर फॉर्म भरायला बसलो. २९ नंबर म्हणजे विकणाऱ्यानं आरटीओला दिलेली खबर. राज्यातल्या राज्यात असेल तर १४ दिवसांत द्यायची. ३० नंबरात घेणाऱ्याचा अर्ज, त्याला ३० दिवस. मी मजकूर मराठीत वाचून दाखवू लागलो. "मी सदर वाहन श्रीमती अमुक यांना विकून ताब्यात दिले आहे."

"विकून?" काका ताठ झाले. "पैसे कुठं मिळाले?"

"हप्ते धरा," काकू आतून म्हणाली.

"आणि ताब्यात म्हणजे? चावी?"

"खुंटीला राहू द्या. मागून घेत जा."

पुढं सुपरदारीचं कलम होतं. पोलिसांनी जप्त केलेली गाडी कोर्टानं सांभाळायला दिली असेल तर ती सुपरदारी; तसं काही नाही असं लिहून द्यायचं. काकांना शब्द आवडला. यापुढं आपल्याकडं गाडी सुपरदारीनंच असणार, असं ते म्हणाले. त्याच ओळीत शेवटी होतं, की वाहन सर्व बोजांपासून मुक्त आहे. तिथं माझं पेन थांबलं.

मोटार वाहन कायद्याचं ५१ वं कलम या बाबतीत सातबाऱ्याचंच भावंड आहे. कर्जदात्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. बोजा उतरवायला ३५ नंबरचा फॉर्म, दोन प्रती, मालकाची सही आणि कर्ज देणाऱ्याची सही. मालकाची सही ओसरीवर बसली होती. कर्ज देणाऱ्याची सही आणायची कुठून? ज्या इमारतीत पतसंस्था होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, आणि चेअरमनसाहेब कुठं आहेत हे ठेवीदारही शोधतायत.

उत्तर होतं अवसायकाकडं. सहकार खात्याचा हा अधिकारी म्हणजे मेलेल्या संस्थेचा कायदेशीर हात. देणं-घेणं मिटवायचं, दप्तर सांभाळायचं आणि सही करायची. आम्ही गेलो तेव्हा साहेब गठ्ठ्यांमागं होते. त्यांच्याकडं दोनच प्रकारची माणसं येतात. ज्यांचे पैसे बुडाले ती, आणि ज्यांनी बुडवले ती. समोरची बाई कर्ज पूर्ण फेडून वर दाखला मागतेय, हे कळल्यावर त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी आमच्यासाठी होतं, पण पहिला ग्लास ते स्वतःच प्याले.

"पावत्या आहेत का?"

काकूनं पिशवीतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पावत्या, महिन्यानुसार दोऱ्यात ओवलेल्या, आणि तळाशी संघटनेचा लाल बिल्ला. साहेबांनी खातेवही मागवली, पावत्या ताडून बघितल्या. दोन हप्ते खात्यात चढलेलेच नव्हते. पावती होती, शिक्का होता, नोंद नव्हती. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. काकू मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, चढवा की आता." आणि साहेबांनी, पुढं बरीच टिपणं लिहून, खरंच चढवले. ना हरकत दाखला आणि ३५ नंबरवरची सही हातात आली तेव्हा काकूनं त्यांना डाळिंबाची पेटी देऊ केली. घाबरून त्यांनी ती नाकारली.

यानंतरचं काम म्हणजे नुसती चिकाटी. गाडी २०१९ च्या १ एप्रिलच्या आधीची, म्हणून आधी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. तिच्याशिवाय ना बोजा उतरणार, ना नाव चढणार. पीयूसी, विमा, राहिलेली चलनं. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची ती छाप काकांनी घेतली. गाडीखाली पालथे पडून घेतली, तीन कागद फाडले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, की आयुष्यात प्रथमच विकणारा घेणारीसाठी इतका राबतोय.

नवीन आरसी पोस्टानं आली. कर्जदात्याचा रकाना कोरा, मालकाच्या जागी काकूचं पूर्ण नाव. काका त्या दिवशी जरा गप्प होते, संध्याकाळी म्हणाले, "बरं झालं, झंझट गेलं."

झंझट गेलं नव्हतं, त्याचा मोबाइल नंबर बदलला होता. आरसीवर आता काकूचा नंबर. महिन्याभरात तिच्या फोनवर ई-चलन आलं. राहुड घाट, वेगमर्यादा, फोटोसकट. तारीख वेळ ठळक. काकूनं चष्मा लावून फोटो मोठा केला. त्या दिवशी, त्याच वेळेला काका चांदवडच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभे होते, असं त्यांनी घरी सांगितलेलं होतं. राहुड घाट तर मालेगावच्या वाटेवर.

तिनं मला फोन केला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की कायद्याचं १३३ वं कलम असं आहे, पोलिसांनी विचारलं तर गाडी कोण चालवत होतं ते मालकानं सांगावं लागतं.

"ते मी सांगीन," काकू म्हणाली. "पण गाडी कुठं चालली होती, हे ह्यांना विचारायला कितवा फॉर्म भरायचा?"