थांब, नवीन येतंय

भाचीला गेल्या ऑगस्टमध्ये, २०२५ साली, इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. कॅप राउंडची धाकधूक संपली, पेढे वाटून झाले आणि त्याच रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लॅपटॉपची समिती बसली. बजेट साठ हजार. भाचीने एक मॉडेल आधीच हेरून ठेवलं होतं. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, किंमत ५८ हजार. प्रश्न सुटलेला होता. समितीने तो पुन्हा सोडवायला घेतला.

काका म्हणाले, लाल किल्ल्यावरून सांगितलंय, जीएसटी कमी होतोय, महिनाभर थांबा. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. एसी स्वस्त झाले, मोठे टीव्ही स्वस्त झाले. लॅपटॉपवर आधी १८ टक्के कर होता, नंतरही १८ टक्केच राहिला. मग आत्या म्हणाली, आता एवढं थांबलोच आहोत तर दिवाळीचा सेल बघू. सेलमधली घसघशीत सूट ८ जीबीच्या मॉडेलांवर होती, भाचीने हेरलेलं मॉडेल होतं त्याच भावात होतं. तेव्हा हिंजवडीत नोकरी करणारा चुलतभाऊ पुढे आला. जानेवारीत इंटेलची नवी चिप येतेय, आत्ता घेतलास तर दोन महिन्यांत जुना होईल, थांब.

पोरगी थांबली. तिचं पहिलं सेमिस्टर मात्र थांबलं नाही. सी भाषेतले प्रोग्राम तिने कॉलेजच्या लॅबमध्ये केले, लॅब पाचला बंद झाली की मैत्रिणीच्या रूमवर केले, आणि मैत्रिणीला स्वतःचा लॅपटॉप हवा असेल तेव्हा फोनवर अंगठ्याने टाइप करून केले. कुठल्या ओळीत सेमीकोलन राहिला, ते ती रात्री एक वाजता तळहाताएवढ्या पडद्यावर शोधत होती.

फेब्रुवारीत लॅपटॉप आला. ऑगस्टमध्ये हेरलेला, तोच. ६६ हजारांना.

मी त्या समितीत होते आणि गप्प बसले होते. काकांना दुखवायचं नव्हतं, चुलतभावाला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं वाटत होतं. ते गप्प बसणं चुकलं. म्हणून आज बोलते.

आपल्याकडे थांबणाऱ्याला शहाणा म्हणतात आणि घेऊन मोकळा होणाऱ्याला उतावळा. सोन्याच्या, जमिनीच्या बाबतीत तो हिशेब ज्याने त्याने करावा. लॅपटॉप हे कामाचं अवजार आहे. पाऊस पडून गेल्यावर पुढच्या वर्षी चांगला नांगर येणार आहे म्हणून कोणी शेत पडीक ठेवत नाही. भाचीचे आठ हजार गेले, हा तर लहान आकडा. ज्या सहा महिन्यांत हात बसतो, चुका करून करून भाषा अंगात मुरते, ते सहा महिने तिने उसन्या यंत्रांवर काढले. त्याची पावती कुठलंच दुकान देत नाही, म्हणून तो खर्च आपल्या हिशेबात येतच नाही.

आता त्या जानेवारीतल्या चिपचं बघू. लास व्हेगासच्या प्रदर्शनात ती वाजतगाजत आली, खोटं कशाला बोलू. पण नवी चिप आधी महागड्या यंत्रांत बसते. साठ हजारांच्या लॅपटॉपात ती उतरेपर्यंत बरेच महिने जातात, आणि तोवर तिच्या पुढचीची बातमी आलेली असते. साठ हजारवाला ग्राहक ज्या नव्यासाठी थांबतो, ते नवं त्याच्यासाठी आलेलंच नसतं. चुलतभाऊ स्वतः कंपनीने दिलेला लॅपटॉप वापरतो. यूट्यूबवर ‘घेऊ नका, थांबा’ असं ओरडणाऱ्यांच्या टेबलावर तर चाचणीसाठी सतत नवी यंत्रं येत असतात. त्यांना थांबायला काय लागतं?

शिवाय डब्यावर नवा आकडा आहे म्हणून आतलं सगळं नवं असतं, असंही समजू नका. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर २०२२ मध्ये बाजारात आला. सात हजारांच्या मालिकेतला, म्हणून नवाकोरा वाटणारा. त्याच्या आतली झेन २ ही रचना २०१९ ची. कंपनीने हे लपवलं नव्हतं, नावातला तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. पण ही किल्ली किती गिऱ्हाइकांच्या हातात होती? दुकानदार पहिला आकडा दाखवतो, गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर पैसे देतं. इंटेलनेही २०२३ च्या शेवटी ओळखीची ‘आय ५’, ‘आय ७’ ही नावं बदलायला घेतली. ‘अल्ट्रा’ शब्द असलेले नवे प्रोसेसर वेगळ्या घडणीचे, आणि ‘अल्ट्रा’ नसलेल्या नव्या नावांखाली जुनीच घडण पुन्हा आली. अशा बाजारात नुसतं ‘नवीन’ या शब्दासाठी थांबणाऱ्याला फसवायला कोणाला कष्ट पडत नाहीत.

थांबण्याने आख्खी कंपनी बुडाल्याची गोष्ट संगणकाच्या धंद्यात सांगितली जाते. अॅडम ऑस्बोर्न या माणसाचं लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलईला गेलं, वडील रमण महर्षींचे अनुयायी. त्याने एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन जवळजवळ ११ किलो, पडदा पाच इंची, किंमत १,७९५ डॉलर, सोबत लिहिण्याचे आणि हिशेबाचे प्रोग्राम त्याच किमतीत. लोकांनी उड्या टाकल्या. मग पुढच्या, अधिक चांगल्या मॉडेलची बातमी आधीच बाहेर पडली. विक्रेत्यांनी ऑर्डरी रोखल्या, गिऱ्हाइकं म्हणाली थांबू, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. धंद्याच्या पुस्तकांत याला ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ असं नाव आहे. प्रतिस्पर्ध्यांनी मोठे पडदे दिले, आयबीएमशी जुळणारी यंत्रं आली, तीही कारणं होतीच, असं अभ्यासक सांगतात आणि ते मला पटतं. ऑस्बोर्न पुढे भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. ही गोष्ट नेहमी कंपनीच्या बाजूने सांगतात. मला त्या थांबलेल्या गिऱ्हाइकांचं वाटतं. त्यांतल्या कोणाला तरी त्या वर्षी एखादा प्रबंध लिहायचा असेल, दुकानाची वही मांडायची असेल. त्यांच्या नावाचा इफेक्ट कुठल्या पुस्तकात नाही.

थांबलं की स्वस्त मिळतं, ही समजूत एका विशिष्ट काळातली आहे. इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असं मांडलं, १९७५ मध्ये ते दर दोन वर्षांवर आणलं. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणक घेतले, त्यांनी हा वेग डोळ्यांनी पाहिला. घेतलेलं यंत्र दोन वर्षांत रडायला लागायचं. तेव्हा थांबण्याला अर्थ होता. आज २०२० च्या शेवटी आलेला, अॅपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर वापरणारी माणसं माझ्या आसपास आहेत आणि लिहिणं, वाचणं, प्रोग्राम चालवणं यांत त्यांचं काही अडत नाही. वेग वाढतोच आहे, पण रोजच्या कामात तो बोटांना जाणवेनासा झालाय.

आणि भाव? ते खालीच जातात हे कोणी ठरवलं? २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२० मध्ये शाळा घरात आल्या, तेव्हा लॅपटॉप मिळेनात. ३ ऑगस्ट २०२३ ला आपल्या सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश काढला. तो लगेच पुढे ढकलावा लागला, पण तेवढ्यात दुकानदार आणि गिऱ्हाइकं दोघांची झोप उडाली. आणि २०२५ चा उत्तरार्ध. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्यात त्यांची क्षमता गुंतली, आणि आपल्या लॅपटॉपात बसणाऱ्या साध्या रॅमचे भाव चढत गेले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या लॅपटॉपात रॅम वाढवणाऱ्या किती तरी जणांनी त्याच नावाची पट्टी घेतलेली आहे. त्याच महिन्यात डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. समिती जानेवारीची वाट बघत असताना हे सगळं चाललेलं होतं. भाचीचे आठ हजार यात गेले.

मग कधीच थांबू नये का? थांबावं. पण दोन गोष्टी हातात असतील तर. एक, येणाऱ्या वस्तूची जाहीर झालेली, जवळची तारीख. दोन, बदल मुळातला. २२ जून २०२० ला अॅपलने सांगितलं की इंटेलच्या चिप सोडून आम्ही स्वतःच्या चिप बसवणार, वर्षाच्या शेवटापर्यंत पहिलं यंत्र येईल. नोव्हेंबरमध्ये ते आलं. त्या मधल्या पाच महिन्यांत इंटेलचा मॅकबुक एअर घेतलेल्यांच्या यंत्रावर २०२५ ची टाहो ही नवी प्रणाली चढत नाही, आणि २०२० च्याच एम१ वर चढते. तिथे थांबलेला माणूस जिंकला. असा प्रसंग दहा वर्षांत एखादा येतो, दर जानेवारीला येत नाही.

आणि ज्याच्या हातात चालतं यंत्र आहे, त्याने तर आरामात थांबावं. माझा स्वतःचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलचा. विंडोज ११ त्याला घेत नाही, ते आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सुरक्षेच्या अपडेटसाठी नाव नोंदवलं तर आणखी एक वर्ष मिळतं. मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, त्यावर लिनक्स मिंट टाकलं, आणि हा मजकूर त्याच्यावरच लिहिते आहे. मला नवा लॅपटॉप आज नको. भाचीला तो ऑगस्टमध्येच हवा होता. समितीने आम्हा दोघींना एकच सल्ला दिला, तिथेच सगळं बिघडलं. ‘नवीन कधी येतंय?’ हे विचारायच्या आधी ‘आज तुझ्याकडे काय आहे?’ हे कोणी विचारलंच नाही.

घ्यायचा असेल तर डोकं कुठे लावायचं तेही सांगते, कारण समित्या चिपवर तासभर भांडतात आणि पडद्याबद्दल एक शब्द काढत नाहीत. चार वर्षं तुम्ही चिपकडे बघणार नाही, पडद्याकडे बघणार आहात. माहितीपत्रकात २५० निट्स आणि ४५ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर तो फिका, अंधुक पडदा आहे, खिडकीजवळ बसलात की डोळे बारीक करावे लागतील. रॅम १६ जीबी घ्या, आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे की नंतर वाढवता येणारी, हे बिल करण्यापूर्वी विचारा. पातळ लॅपटॉपात ती बहुधा सोल्डर केलेली असते, म्हणजे आज केलेली काटकसर पुढे दुरुस्त करता येत नाही. ‘एआय पीसी’च्या स्टिकरवर पहिल्या वर्षाच्या मुलांनी एक रुपयाही जास्त देऊ नये. सी चा प्रोग्राम त्यातल्या एआयसाठीच्या खास चिपकडे ढुंकूनही बघत नाही, आणि मशीन लर्निंगचे सुरुवातीचे धडे ब्राउझरमध्ये गूगल कोलॅबवर फुकट होतात. साठ हजार नसतील तर कंपन्यांतून निघालेले, नीट तपासून विकलेले जुने बिझनेस लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइनही मिळतात. इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, वॉरंटीसह, बॅटरी तपासून घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

भाचीचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. बहिणीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी ग्रुपवर काही टाकायचं नाही. प्रवेशाची पावती हातात पडली की दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून येते, तिघं मिळून दुकानात जाऊ आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घरी आणू. पुढच्या जानेवारीत लास व्हेगासला काय जाहीर होतंय, ते तो त्यावरच बघेल.